कबुलीचं कलम

ओरे, ४ मार्च

इल्वा,

तू बजावलंस, चॅटवर लिहू नकोस, चॅटवर तू फार चटकन हो म्हणतोस; जे सांगायचं ते कागदावर लिही, म्हणजे हात दुखेल आणि विचार करशील. हात दुखतोय. विचाराचं माहीत नाही.

वारा सुटलाय म्हणून डोंगरावरची स्की-लिफ्ट बंद आहे. खाली हॉटेलात तुमची स्टॉकहोमची माणसं महागडी कॉफी पीत वाऱ्याला शिव्या देतायत आणि मी वर केबिनमध्ये हीटरला पाय लावून तुझ्या नव्या गेमची चाचणीची आवृत्ती खेळतोय. सोबत होकान आहे. साठीचा माणूस, सगळा जन्म या लिफ्टवर गेला. तो माझ्या खांद्यावरून बघत होता.

"जिंकलास ना? मग आता त्यांच्याशी बोलत काय बसलायस?"

"माझी बहीण हेच बनवते. जिंकल्यानंतरचं."

"म्हणजे लग्नानंतरचं," होकान म्हणाला. "त्याचा गेम कोण विकत घेणार?"

असो. आधी कामाचं. मी डेन्मार्क घेतलं आणि स्वीडनला धुतलं. पप्पाला सांगू नकोस. म्हणजे, तू सांगणार नाहीसच म्हणा.

जुन्या गेममधलं तहाचं पान आठवतं? युद्ध जिंकलं की हातात गुण यायचे आणि आपण पिशवी घेऊन बाजारात निघाल्यासारखे निघायचो. हा प्रांत एवढ्याला, तो तेवढ्याला. कोपऱ्यात खूण असायची, समोरचा मान्य करणार असेल तर हिरवी, नाहीतर लाल. मग एकेक प्रांत टाकत जायचं, लाल झाली की शेवटचा काढायचा आणि बटण दाबायचं. हरलेल्याने तोंड उघडायचा प्रश्नच नाही. तू तेव्हाच म्हणायचीस, ही बोलणी नव्हे, ही झडती आहे. त्यावरूनच आपण तो मॉड, म्हणजे त्या गेमची आपली बदललेली आवृत्ती, बनवायला घेतला होता.

तुझ्या नव्या पानावर ती खूण लपवलेली आहे, हे फार बरं केलंस. हरलेला उलट मागतो, तेही. काल स्वीडनने माझ्याकडे एक फडतूस बंदर परत मागितलं आणि त्याच्या बदल्यात दोन धष्टपुष्ट प्रांत देऊ केले. मला कळेना, या बंदरात आहे काय? मग खाली बारीक अक्षरात दिसलं की त्यांची राणी तिथे पुरलेली आहे. मी बंदर दिलं. प्रांतही घेतले नाहीत. गेममध्ये मला याआधी कधी कोणाची दया आली नव्हती, होकानला विचार.

पण कबुलीचं कलम काही चालत नाही. तुझे संगणकाचे देश जमीन देतात, बंदरं देतात, राजकन्यासुद्धा देतात, पण 'हे युद्ध आमच्यामुळे झालं, चूक आमची' एवढं एक वाक्य मागितलं की उठून जातात आणि पुन्हा लढायला लागतात. त्या वाक्याला गुण नाहीत, त्यातून कोणाला एक वीतभर जमीन मिळत नाही, तरी. तुझ्या ऑफिसातली ती वरची बाई म्हणते ना, फुकटचं कलम कोण वापरणार, काढून टाक? काढू नकोस. मला तर ते मिळवायचा चस्का लागलाय.

माझी एक सूचना आहे. मध्यस्थ. तिसरा देश. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, निरोप हा नेतो. त्याला थोडं खोटं बोलायची मुभा दे. याला सांगायचं, तो तयार आहे. त्याला सांगायचं, हा तयार आहे. दोघांना हिरवी खूण दिसली की दोघं टेबलावर येतात. एकदा आले की उठून जायला लाज वाटते. युद्ध संपलं. कोणाचं काय गेलं?

आता दुसरं. पप्पाच्या हृदयात जानेवारीत दोन स्टेंट घातले. तुला सांगू नको म्हणाला नव्हता, म्हणून सांगतो. तो तुझी चौकशी करत असतो.

मला ठाऊक आहे, आता तू कागद खाली ठेवशील. ठेवू नकोस, एवढं वाच. तुझं म्हणणं असं की घटस्फोटाच्या वेळी आळीपाळीने त्याच्याकडे राहायचे तुझे आठवडे त्याने मम्माला सोडून दिले आणि बदल्यात बेटावरचं घर ठेवलं. त्याचं म्हणणं असं की चौदा वर्षांची पोर स्वतः म्हणाली, मला मम्माकडेच राहायचंय, मी कोण अडवणारा. तुला त्याच्या तोंडून ऐकायचंय, मी तुला दिली. त्याला तुझ्या तोंडून ऐकायचंय, मी आधी निघाले. एकेक वाक्य. तेवढ्यासाठी नऊ वर्षं तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत. मला दोघंही हवेत, आणि मी लिफ्टच्या खुर्चीसारखा मधल्या तारेवर लटकून कंटाळलोय.

वारा पडला. होकान हाका मारतोय.

एस्किल

हेर्नोसांड, १९ मे

इल्वा,

तुझं पत्र मिळालं. एवढं छोटं पत्र पाठवायला तू एवढं मोठं तिकीट लावलंस. 'तह झाला की तो वाचून दाखवायचा दिवस येतो. त्या दिवशी तुझा मध्यस्थ कुठे असतो?' उत्तर सोपं आहे. तो पुढच्या गावाला गेलेला असतो. त्याला पुढची लिफ्ट असते, नाहीतर मासे असतात.

बर्फ संपला आणि माझी नोकरीही. पप्पाकडे आलोय. आम्ही बेटावर बोट रंगवतोय. म्हणजे तो रंगवतो, मी डबा धरतो, कारण माझे फटकारे त्याला आवडत नाहीत. शेजारची गुनवोर रोज येते, बसते आणि दोघांना नावं ठेवते.

"एस्किल, परत आलास? नोकरी गेली की पोरगी?"

"बर्फ गेला, गुनवोर."

"तो दरवर्षी जातो. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं."

पप्पा हसला. हल्ली हसताना छातीवर हात ठेवतो. जाड झालेला नाही, उलट शर्ट मोठे वाटतात. कागद गिरणीतून त्याला मुदतीआधीच सुट्टी दिली, तेव्हापासून तो जगातल्या सगळ्या गोष्टी खरवडून पुन्हा रंगवतोय. टपालपेटी रंगवली. गुनवोरची कोंबड्यांची खुराडी रंगवली. कोंबड्या दोन दिवस आत जाईनात.

मधेच म्हणाला, "इल्वा काय करते?"

"तह करते."

"कोणाशी?"

"कोणाशी नाही. गेममध्ये."

"हं." मग बराच वेळ ब्रश. मग, "त्याचा पगार बरा असतो का?"

हसू नकोस. यापेक्षा लांब प्रश्न त्याने मला माझ्याबद्दल कधी विचारलेला नाही.

आणि आता नीट वाच. संध्याकाळी ब्रश धुताना, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, 'मी तिला तेव्हा सोडायला नको होतं.' शब्द असेच. मी मान हलवली फक्त. तो पुन्हा ब्रशकडे वळला. तुला माहीत आहे तो कसा आहे.

ऑगस्टात ये. आंबलेल्या हेरिंग माशांचे डबे उघडायच्या गुरुवारी. तो दरवर्षी बेटावर टेबल मांडतो, गुनवोर पातळ भाकरी आणते, मी नाक धरतो. त्या वासात कोणाला फार वेळ गंभीर राहता येत नाही, तहाला यापेक्षा बरी जागा मी तरी पाहिलेली नाही. तुमच्या त्या ऑफिसात टेस्टिंगला हा मासा का ठेवत नाहीत कोण जाणे.

तू येते म्हण. तू येणार म्हटल्यावर तो तुझी खोली रंगवेल, याची तयारी ठेव.

एस्किल

हेर्नोसांड, ९ ऑगस्ट

इल्वा,

बस दुपारी येते. मी धक्क्यावर असेन, बोटीने आणेन.

तू विचारलंस, 'त्याने खरंच असं म्हटलं? याच शब्दांत?' तिसऱ्यांदा विचारतेयस. हो. पण भेटल्याबरोबर त्या वाक्यावर झडप घालू नकोस. माणूस म्हातारा आहे, लाजतो. त्याला सवड दे, तो आपणहून काढेल. तू फक्त बस, खा आणि थांब.

तुझं ते मी वाचलं, की तू कबुलीच्या कलमाला किंमत लावली आहेस; आता ते मागणाऱ्याला आधी स्वतःचं काहीतरी सोडावं लागतं. खेळून पाहिलं. चालतंय. संगणकाच्या पोलंडने मला कबुली दिली आणि मी बेटाएवढा आनंदलो. म्हणजे बेटभर ओरडत फिरलो. गुनवोरला वाटलं पप्पाला काही झालं.

त्याने तुझी खोली रंगवली. पांढरी. खिडकीची चौकट निळी हवी की नको यावर त्याची स्वतःशीच बोलणी चालू आहेत.

एस्किल

फ्रोया, नॉर्वे, १६ सप्टेंबर

इल्वा,

तू म्हणाली होतीस ना, त्या दिवशी मध्यस्थ कुठे असतो? इथे असतो. सॅमन माशांच्या कारखान्यात, पट्ट्यावर मासे येतात आणि मी त्यांचे कल्ले तपासतो. पगार चांगला आहे. बोटांना वास येतो तो घासून जात नाही, पण हेरिंगपुढे काहीच नाही. इथली पोरं कॉड माशांच्या जिभा कापून विकतात आणि त्यातून सायकली घेतात, मला हे लहानपणी कोणी सांगितलं असतं तर मी शाळेत गेलोच नसतो. म्हणजे, आहे त्यापेक्षाही कमी गेलो असतो.

मी मुद्दा टाळतोय हे तुला कळतंय.

तू काय पाहिलंस ते तुला माहीत आहे. मी काय पाहिलं ते लिहितो. पप्पाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो शर्ट त्याने आजीच्या दफनानंतर घातला नव्हता. तू पिशवीतून वाइन काढलीस, तो म्हणाला, याच्याबरोबर बिअर पितात, आणि मग घाईघाईने म्हणाला, पण वाइनही चालेल. तुम्ही बसलात. डबा उघडला, माश्या आल्या. आणि दोघंही माझ्याकडे नाही, एकमेकांकडे बघत राहिलात, इतक्या सभ्यपणे, जसं दुकानात पैसे आधीच दिलेत आणि आता माल केव्हा मिळतो याची वाट बघतंय कोणी. दोघंही. तेव्हाच मला कळलं की मी काय केलंय.

गुनवोर म्हणाली, "खा रे. हा मासा गार होत नाही, तो गारच असतो."

मग पप्पा म्हणाला, "बरं. बोल."

तू म्हणालीस, "तू बोल. तू म्हणालास ना."

"मी काय म्हणालो? तू म्हणालीस."

"मी काय म्हणाले?"

आणि मग तुम्ही दोघांनी एकाच वेळी मान वळवलीत. तुमची मान वळवायची पद्धत एकच आहे. हे कोणी तुला सांगितलं नसेल.

तर. मे महिन्यात ब्रश धुताना पप्पा म्हणाला होता, टर्पेंटाइन संपत आलंय. एवढंच. बाकीचं मी लिहिलं. आणि त्याला मी जूनमध्ये सांगितलं, की इल्वाने पत्रात लिहिलंय, मी आधी निघाले हे मला मान्य आहे. त्याने डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी रंग आणायला गेला. तुझी खोली त्या वाक्यावर रंगवलेली आहे.

मला वाटलं होतं, हिरवी खूण दिसली की माणसं खरोखर हिरवी होतात. दोघांना फक्त भीती आहे की आपण आधी बोललो आणि समोरचा गप्प बसला तर. ती भीती काढली की झालं. गेममध्ये होतं. गेममध्ये देश आल्याबरोबर सही करतात, कारण त्यांना ते वाक्य ऐकायचं नसतं, नुसतं पानावर हवं असतं.

तू उठलीस तेव्हा बेटावरून जायला दुसरं काही नव्हतं, बोट पप्पाचीच. मी म्हटलं मी सोडतो. तू म्हणालीस, तू नाही. मग त्यानेच तुला सोडलं. मी धक्क्यावर उभा राहून बघत होतो. तू पुढे तोंड करून बसली होतीस आणि तो मागे इंजिनापाशी, आणि तुमच्यामध्ये तुझी पिशवी. तिकडे पोचेपर्यंत तुम्ही बोललात की नाही, मला माहीत नाही. तो परत आला तेव्हा मी विचारलं.

"लाटा होत्या," तो म्हणाला.

मग शर्ट काढून घडी करून ठेवला. मला ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "तू लहानपणापासून असाच आहेस." आणि मी दुसऱ्या दिवशी निघालो.

लहानपणापासून. खरं आहे. तू मम्माकडे राहिलीस, आठवडा बदलणारा मीच उरलो. दर शुक्रवारी कपड्यांची पिशवी आणि तो कॉम्प्युटर, हिवाळ्यात बर्फावरच्या ढकलगाडीवर रजईत गुंडाळून बांधलेला, टेकडीवरून खाली, पुलावरून पलीकडे पप्पाच्या गावातल्या घरी. बरोबर निरोप असायचे. मम्मा म्हणायची, सांग त्याला, बूट घ्यायची पाळी त्याची आहे. पुलावर मी ते बदलायचो. पप्पाला सांगायचो, मम्मा म्हणाली तू बूट छान निवडतोस. पप्पा म्हणायचा, तिला सांग, मला शिकवू नकोस. मी सांगायचो, पप्पा म्हणाला थँक्यू. त्या पुलावर मी जितके तह केले तितके तुझ्या कंपनीने केले नसतील. सगळे टिकले. कारण ती दोघं कधी एका टेबलावर बसली नाहीत.

हे सगळं मी माफीसाठी लिहीत नाहीये. म्हणजे, त्यासाठीच लिहितोय, पण तू दे असं म्हणत नाही.

तुझी एक ओळ आली. 'कबुलीचं कलम गेममधून काढून टाकलं.' का ते लिहिलं नाहीस. त्या बाईने काढायला लावलं की तूच काढलंस? ते चालायला लागलं होतं, इल्वा. पोलंडने दिली होती.

एस्किल

सुन्डस्वाल, १४ ऑक्टोबर

इल्वा,

हे खरं आहे. पप्पा दवाखान्यात आहे. बुधवारी लाकडं फोडताना पडला. हृदय नीट चालत नाहीये, फुप्फुसात पाणी आहे. डॉक्टर गोल गोल बोलत नाही, ती म्हणाली, ज्यांना यायचंय त्यांनी या आठवड्यात यावं.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज जात नाहीत. नर्सला म्हटलं तू कळव. ती म्हणाली, पेशंटने ज्याचं नाव दिलंय त्यालाच आम्ही कळवतो, आणि ते नाव माझं आहे. गुनवोर कॅनरी बेटांवर उन्हात बसलीय, तिचा फोन घरीच असतो. मम्माला फोन केला. ती म्हणाली, "एस्किल, या वेळी खरं ना?" ती तुला सांगते म्हणाली. पण ती म्हणाली, इल्वा विचारेल, तुला कोणी सांगितलं, आणि मी काय सांगू?

पोस्ट एक दिवसाआड येते. तरी टाकतो. खोली चौथ्या मजल्यावर आहे, खिडकीतून खाडी दिसते. तू आलीस तर मी बाहेर जाईन. मी तिथे नसेन. दाराबाहेर कॉफीचं मशीन आहे, तिथेही नसेन, खाली पार्किंगमध्ये थांबेन. त्याने काही म्हटलंय असं मी तुला सांगत नाहीये. त्याने काहीच म्हटलेलं नाही. नुसती ये.

एस्किल

हेर्नोसांड, २ नोव्हेंबर

इल्वा,

फोनवर तू एकच विचारलंस आणि मी गप्प बसलो. तू थोडं थांबलीस आणि ठेवलास. मी गप्प बसलो कारण माझ्या तोंडाचा मला अजून भरवसा नाही. हात दुखू दे.

माझं पत्र तुला मिळालं होतं हे तू सांगितलंस. तुला वाटलं पुन्हा तेच. ठीक आहे. मीही तेच समजलो असतो. गुनवोर परत आली आणि तिने तुला फोन केला, तेव्हा तू तिचं ऐकलंस, तोवर रविवार होऊन गेला होता. यात तुझी चूक मी कुठेही मांडू शकत नाही, मी खूप प्रयत्न केला, कारण एकट्याने उचलायला हे जड आहे.

जुन्या गेममध्ये एखादा देश नकाशावरून गेला की तहाचं पान आपोआप मिटायचं. आपण दोघं 'अरे थांब, थांब' म्हणत बसायचो, आणि ते मिटलेलं असायचं. आपल्या मॉडमध्ये तू ते दुरुस्त करणार होतीस. वारस कोण, सही कोणी करायची. ते राहूनच गेलं. तुमच्या नव्या गेममध्ये आता काय होतं, मला माहीत नाही, मी ऑगस्टनंतर तो उघडलेला नाही.

आता तुझा प्रश्न. 'शेवटी तो काही म्हणाला का? माझ्याबद्दल?'

सुन्डस्वालहून परतताना बसमध्ये मी वाक्यं तयार केली. तू फोन करशील हे मला माहीत होतं. तीन केली. चांगली होती. तिसरं तर असं होतं की तू त्यावर उरलेला जन्म बरा काढला असतास. ते मी लिहिणार नाही, उदाहरण म्हणूनही नाही.

झालं ते असं. शनिवारी सकाळी तो जागा होता. नाकात नळी होती, पण बोलू शकत होता. मी सरळ विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी काही सरळ विचारलं. म्हटलं, "पप्पा, त्या वेळी तू घर राहावं म्हणून इल्वाला सोडलंस का?"

तो खिडकीकडे बघत होता. म्हणाला, "बोट उलटी केलीस का?"

मी म्हटलं, "केली."

"ताडपत्री?"

"घातली."

"दोरी वाऱ्याकडून बांध. नाहीतर उडते."

मी पुन्हा विचारलं. तुझं नाव घेऊन. त्याने डोळे मिटले. झोपला की मिटून घेतले, मला सांगता येत नाही. दुपारी त्याने पाणी मागितलं. नंतर नर्सला म्हणाला, उशी उंच आहे. नंतर काही नाही. रविवारी पहाटे गेला, तेव्हा मी खाली कॉफी आणायला गेलो होतो.

तर उत्तर नाही असं आहे. तो तुझ्याबद्दल काही म्हणाला नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. बोटीच्या बोलण्यातून तू काही काढशील, मीही रात्रंदिवस काढतोय, पण मला वाटतं त्याला बोटीचीच काळजी होती. तुझी खोली पांढरी आहे, हे तू पाहिलंस. ती त्याने का रंगवली ते मी तुला सांगितलंय, आणि ते कारण मी बनवलेलं होतं. त्याखाली दुसरं कारण असेल तर त्याने ते मला सांगितलं नाही.

त्याचं ते एक वाक्य आता येणार नाही. त्याच्या वतीने मी म्हणू शकतो, वारस आहे, कागदावर मला तसा हक्कही असेल. मी म्हणणार नाही.

माझ्या वतीचं आहे एक. ऑगस्टमध्ये मी तुमच्यामध्ये आलो नसतो तर ऑक्टोबरमध्ये तू माझं ऐकलं असतंस, आणि शनिवारी त्या खोलीत मी नव्हे, तू असतीस. त्याने तुलाही बोटीचंच विचारलं असतं कदाचित. पण तुला विचारलं असतं.

दफन शुक्रवारी, चौदा तारखेला, अकरा वाजता; चर्चकडे त्याआधीची तारीख नव्हती. पाद्रीबाईने विचारलं, त्यांच्याबद्दल काय सांगू? मी म्हटलं, तो कागद गिरणीत होता आणि रंग चांगला द्यायचा. ती म्हणाली, अजून? मी म्हटलं, दोन मुलं होती. बाकी तुला काही सांगायचं असेल तर तिला थेट फोन कर, नंबर मागच्या पानावर आहे. माझ्यामार्फत नको. कॉफी नंतर चर्चच्या हॉलमध्ये आहे. मम्मा येते म्हणाली आहे, मागे बसेन म्हणाली. बेटावरच्या घराचं तू म्हणशील तसं. आता नको, कधीही.

गुनवोर सँडविचचा केक करणार आहे, पावाचे थर आणि वर कोळंबी. आज दारात आली, टोपी न काढताच उभी राहिली. म्हणाली, किती माणसांचा करू ते सांग, कोळंबी महाग आहे, मी उगाच जास्त करणार नाही.

"इल्वा येणार आहे ना?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्याकडून नेहमी काहीतरी मिळतं, आणि ती थांबली होती. मी दार धरून उभा होतो. थंडी आत येत होती.

"बरं," ती म्हणाली. "मग तिचा धरून करते. उरला तर उरला."

एस्किल